आवाज न करणारं मशीन

माझ्या बाबांना सगळे डॉक्टर म्हणतात. पूर्वी मला त्याचं कौतुक वाटायचं. आता तो शब्द कानावर पडला की डोकं फिरतं.

ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाळीस वर्षं झाली. कपड्यांच्या कारखान्यात एका वेळी पन्नास मशीनं धडधडत असतात, त्या गोंगाटात हे दारात उभे राहून सांगतात, “तिसऱ्या रांगेतलं शेवटचं बंद करा, त्यात तेल नाही.” शिवणाऱ्या बायकांनीच त्यांचं नाव डॉक्टर पाडलं. मशीनच्या अंगाला कान लावायचा, डोळे मिटायचे, चाक हातानं सावकाश फिरवायचं आणि दुखणं सांगायचं. निदान कधी चुकत नाही. ते त्यांनाही पक्कं ठाऊक आहे, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

मागच्या वर्षी आईचा आवाज बसला. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “घसा कोरडा पडलाय. गुळण्या कर.” तिनं गुळण्या केल्या. मग ती म्हणायला लागली की दवाखान्यात जाऊ या. बाबांचं आपलं आज नको, उद्या बघू. असे चार महिने गेले. शेवटी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस झाले? बाबा म्हणाले, “असतील पंधरा-वीस.” माझ्यासमोर म्हणाले. आईनं चार बोटं वर केली. बाईंनी विचारलं, “चार आठवडे?” आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, “महिने.”

गाठ होती. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. लवकर आला असतात तर आवाज कदाचित वाचला असता, असं बाईंनी सांगितलं. बाबा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते.

आता माझी आई म्हणजे गप्प बसणारी बाई नव्हे. वीस वर्षं तिनं एका वकिलाकडे टायपिस्टचं काम केलं. वकील कोर्टात भांडायचे आणि आई घरी, पण आईचा निकाल लवकर लागायचा. बाबा तिच्याशी भांडत नसत. ते नुसतं “हं” म्हणायचे, हत्यारांची पिशवी उचलायचे आणि दुकानाकडे निघायचे. तिचा आवाज त्यांच्या मागोमाग जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांच्या आधी जाऊन बसायचा. शेजारपाजारचे हसायचे. बाबाही हसायचे. भांडण व्हायचं आणि संपायचंही.

हे भांडण झालंच नव्हतं. चार महिन्यांबद्दल आई त्यांना एक शब्द बोलू शकली नव्हती. ऑपरेशनच्या आधी ती घाबरलेली होती, आणि नंतर बोलायला आवाजच उरला नव्हता.

दवाखान्यातून येताना आम्ही तिला पाटी आणली. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. पाटीवर जेवण मागता येतं, गोळी कुठे ठेवलीये ते विचारता येतं. भांडता येत नाही. पाटी वाचायची की नाही ते वाचणाऱ्याच्या हातात असतं. आईनं पाटी समोर धरली की बाबा खिसे चाचपायचे. “चष्मा दुकानात राहिला बहुतेक. नंतर वाचतो.” चष्मा शर्टाच्या वरच्या खिशात असायचा, मला दिसायचा. एकदा मी तो काढून त्यांच्या हातात दिला, तर तोवर आईनं रागानं पाटी पुसून टाकली होती. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. न विचारताही कळत होतं.

मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ऑपरेशनपासून मी आईकडेच मुक्काम ठोकला होता. शाळेच्या ऑफिसात नोकरी, तिथून थेट इकडे. रोज संध्याकाळी ही पाटी आणि हा चष्मा बघायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग दवाखान्यातल्या वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी मार्ग सुचवला. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकायचा, फुकट मिळतो. आपण टाइप करायचं, तो मोठ्यानं बोलून दाखवतो. माझ्या फोनवर आईनं ते करून बघितलं. पण एवढ्याशा काचेवर एका बोटानं टोचत बसणं तिला जमेना. जिची दहाही बोटं न बघता पळायची, तिनं कोंबडीसारखं टिपत बसायचं? तिनं फोन मला परत दिला आणि पाटीवर लिहिलं, “खरी बटणं हवीत.”

नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत ऑपरेशननं ठेवली नव्हती. तेव्हा कोणी तरी वापरून दिलेला, दुकानदारानं साफसूफ करून पुन्हा विकायला काढलेला, म्हणजे रिफर्बिश्ड घ्यायचं ठरलं. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी मला कागदावर लिहून दिलं. आठ जीबी रॅम हवी, हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी, बॅटरी चार्जर काढून तपासायची, स्क्रीनवर पांढरे डाग आहेत का ते बघायचं, किमान सहा महिन्यांची वॉरंटी. मी म्हटलं, शनिवारी जाऊन घेऊन येते, तासाभराचं काम.

बाबा म्हणाले, “जुनं मशीन आहे. मी येतो.”

इथून पुढे दीड महिना. शब्दशः दीड महिना माझ्या आईला घरात मुकं ठेवून हा माणूस लॅपटॉपचे स्क्रू बघत हिंडला.

पहिलं दुकान चकाचक होतं. काचेच्या कपाटात लॅपटॉप मांडलेले, प्रत्येकावर गोल स्टिकर. विक्रेता पोपटासारखा बोलत होता. “ए ग्रेड आहे काका. कंपनीतून आलाय. एसीत वापरलेला, एक ओरखडा दाखवा.” बाबांनी लॅपटॉप उताणा केला, खिशातून भिंग काढलं आणि तळाचे दहाही स्क्रू एकेक करून बघितले. दहा मिनिटं. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. मग म्हणाले, “चार स्क्रू वेगळ्या जातीचे आहेत. दोघांची डोकी झिजलीत. हा बऱ्याच वेळा उघडलाय, आणि उघडणाऱ्याला स्क्रू ड्रायव्हरचं माप कळत नव्हतं. तुम्ही वरून रंग दिलाय.” विक्रेता म्हणाला, “काका, लॅपटॉपला रंग देत नाहीत.” बाबांनी नखानं कोपरा खरवडला. खाली दुसराच रंग निघाला. मला खरं तर त्यांचा अभिमान वाटायला हवा होता, आणि रस्त्यावर येईपर्यंत वाटलाही. मग बाबा म्हणाले, “चला, आता पुढच्या शनिवारी बघू.” तेव्हा अभिमान उतरला.

पुढच्या शनिवारी दुसरं दुकान. तिथे बॅटरी शंभर टक्के चांगली म्हणून सांगितलं, आणि मी चार्जर काढला तर पंधरा मिनिटांत निम्मी संपली. दुकानदार निर्लज्जपणे म्हणाला, “घरीच वापरायचाय ना मॅडम? लावून ठेवायचा.” मी त्याला चार शब्द सुनावले. त्यानंतरचे दोन शनिवार बाबांना काम निघालं. पाचव्या शनिवारी एका दुकानात बिजागरी सैल. “हे रोज उघडमीट होणार. सहा महिन्यांत मोडेल.” दुसरीकडे बिजागरी घट्ट, पण ‘क’चं बटण अडकतंय. तिसरीकडे सगळं ठीक, तर आतल्या पंख्याचा आवाज येतो. बाबांनी लॅपटॉप कानाला लावला, भर दुकानात, डोळे मिटून. लोक बघायला लागले. “घरघरतोय. बेअरिंग गेलंय. हा नको.”

“बाबा,” मी म्हटलं, “आई घरी वाट बघतीये.”

“घाई केली की माती होते.”

चार महिने दवाखाना लांबवणारा माणूस मला हे सांगत होता. मी तिथेच बोलले असते, पण दुकानदारासमोर आपल्या बापाची शोभा नको म्हणून तोंड मिटलं. घरी येऊन आईला सांगितलं, आजही नाही. तिनं पाटी घेतली, काही लिहिलं नाही, ठेवून दिली.

तोवर मला कळून चुकलं होतं. हे मशीनमधले दोष शोधत नव्हते. यांना मशीन नकोच होतं. ज्या दिवशी लॅपटॉप घरात येईल त्या दिवशी आई बोलेल, आणि ती पहिलं काय बोलेल ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. चष्मा विसरता येतो. कान कुठे विसरून येणार?

सहाव्या शनिवारी मी अल्टिमेटम दिला. आज नाही तर मी एकटी जाऊन मिळेल तो घेऊन येईन. त्या दिवशी आम्ही दुरुस्तीवाल्यांच्या गल्लीत गेलो. तळघरात एक दुकान होतं. मालकाच्या नाकावर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. चष्मेवाल्यानं गोड बोलून एक काळा, जाडजूड लॅपटॉप पुढे केला. बाबांनी स्क्रू बघितले, एका जातीचे. बिजागरी बघितली. एकूण एक बटण दोनदोनदा दाबलं. रॅम, एसएसडी, बॅटरी, स्क्रीन मी तपासलं, सगळं कागदाबरहुकूम. आणि मग त्यांनी पुन्हा तो कानाला लावला. पाच मिनिटं लावून ठेवला. माझा धीर सुटला आणि मी तणतणत वर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. खाली काय व्हायचं ते होवो.

थोड्या वेळानं ते लॅपटॉपचं खोकं काखोटीला मारून वर आले. चेहरा खुललेला. म्हणाले, “मिळालं. असं मशीन मी आयुष्यात बघितलं नाही. जरासुद्धा आवाज नाही.”

रविवारी दुपारी मी प्रोग्रॅम टाकला. आईनं टेबल पुसलं, हात धुतले, खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांनी तिची बोटं बटणांवर अशी पडली जशी कधी उचललीच नव्हती. तिनं टाइप केलं, मी कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. तिनं दाबलं. स्क्रीनवर तिचे शब्द एकेक करून पिवळे होत गेले, म्हणजे प्रोग्रॅम वाचत होता. ऐकू काही आलं नाही. मी आवाज पूर्ण वाढवला, पुन्हा दाबलं. शब्द पिवळे झाले. खोलीत चिडीचूप.

बाबा दाराशी उभे होते. “बघ,” ते म्हणाले, “किती शांत चालतंय.”

मग मात्र माझा तोल गेला. “बाबा, हे बोलायचं मशीन आहे. आईला बोलायला आणलंय. तुम्ही दीड महिना घालवून सबंध बाजारातलं एकमेव मुकं मशीन शोधून आणलंत.” त्यांना कळेना. मी स्पीकर म्हटलं तरी क्षणभर कळेना. चाळीस वर्षं त्यांच्या लेखी आवाज म्हणजे बिघाड. मशीन जितकं गप्प तितकं चांगलं. चांगल्या मशीनमधून काही ऐकू यायला हवं हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. चेहरा असा पांढरा पडला की त्यांनी मुद्दाम केलं नाही हे मला दिसलं, पण मी थांबले नाही. “तुम्हाला तिचा आवाज नकोच होता,” मी म्हटलं. “चार महिने ती घसा फाडून सांगत होती—”

आईनं टेबलावर हात आपटला. पाटी घेतली, खसाखसा लिहिलं आणि बाबांच्या नाही, माझ्या नाकासमोर धरली. “माझं भांडण मी करीन.”

बाबांनी लॅपटॉप मिटला, खोक्यात घातला.

सोमवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि आम्ही तळघरात गेलो. चष्मेवाला म्हणाला, “वॉरंटी आतल्या मुख्य बोर्डाची आहे मॅडम. स्पीकरची नसते.” मी आवाज चढवला. त्यानं खांदे उडवले. “बाहेरून छोटा स्पीकर लावा. लोक तसंच करतात.” मी ग्राहक मंचाचं नाव काढलं, त्यानं जांभई दिली. बाबांनी पिशवीतून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच्या काउंटरवर, त्याच्या नाकासमोर, तो लॅपटॉप उघडला. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत स्पीकरच्या खोबणी होत्या. दोन्ही रिकाम्या. वायरचं टोक टेपनं चिकटवून टाकलेलं.

“बिघडलेला नाहीये,” बाबा म्हणाले. “काढून घेतलाय.”

“तसाच आला होता माल.”

“टेप नवीन आहे.”

चष्मेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला वाटलं, आता बाबा “हं” म्हणणार, पिशवी उचलणार आणि निघणार. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, जिन्याच्या पायथ्याशी ठेवलं आणि उघडा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. खाली येणाऱ्या प्रत्येकाला ते शांतपणे सांगायला लागले, “घ्या, पण उघडून बघा. माझ्या मशीनमधून स्पीकर काढलेत. बघा, या खोबणी.” ओरडणं नाही, शिवी नाही. एक नवरा-बायको आल्या पावली परत गेले. दोन कॉलेजच्या मुली थांबल्या, नीट वाकून बघितलं, फोटो काढला. चष्मेवाला म्हणाला, “काका, धंद्याच्या वेळी तमाशा करू नका.” बाबा म्हणाले, “मी चाळीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त करून देतोय. माझ्याही हातून चुका झाल्यात. पण आतला भाग काढून घेऊन वरून झाकण लावून कुणाला दिलं नाही.” एवढा राग मी त्यांच्या अंगात कधी बघितला नव्हता, आणि तो सगळाच्या सगळा चष्मेवाल्यावरचा होता असंही मला वाटलं नाही.

तासाभरात चष्मेवाल्यानं त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनमधून स्पीकरची जोडी काढली. बसवली बाबांनी. त्याला हात लावू दिला नाही. माझ्या फोनमधलं गाणं त्यावर वाजवलं आणि पूर्ण ऐकलं.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. खिडकी उघडी होती, खालच्या अंगणात पोरं खेळत होती. आई टेबलाशी बसली. मी म्हटलं, मी बाहेर जाते. तिनं मान हलवली, थांब म्हणून. मग टाइप केलं.

“अहो,” मशीन म्हणालं.

बाईचा आवाज होता. तरुण, गोड, अगदी अदबशीर. आईच्या ‘अहो’चे शंभर सूर मी ऐकलेत, त्यातला हा एकही नव्हता. आई दचकली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढे टाइप केलं.

“मी एकदा एकटीच दवाखान्यात निघाले होते. तुम्ही जिन्यातून परत बोलावलंत. म्हणालात, एवढ्या तेवढ्याला पैसे कशाला घालवतेस.”

हे मला माहीत नव्हतं. मशीननं ते असं सांगितलं, जणू पुढची बस थोड्याच वेळात येणार असल्याची सूचना देतंय. आईचा चेहरा लाल झाला होता, जबडा आवळलेला, डोळ्यांत पाणी, आणि हा आवाज बसल्या जागी सगळ्यांशी नम्रपणे वागत होता. तिनं तेच वाक्य पुन्हा वाजवलं. पुन्हा तोच गोडवा. आवाजाचं बटण दाबून दाबून शेवटपर्यंत वाढवलं आणि तिसऱ्यांदा वाजवलं. अंगणातली पोरं थांबून वर बघायला लागली.

बाबा उठले. मला वाटलं, खिडकी लावतात. नाही तर पिशवी उचलतात. त्यांनी स्टूल उचलून टेबलाला लावलं आणि तिच्या समोर बसले.

“हो,” ते म्हणाले. “बोलावलं होतं.”

“डॉक्टरांना पंधरा दिवस सांगितलंत.”

“हो.”

“माझ्यासमोर.”

“हो.”

मग ती बराच वेळ टाइप करत राहिली, आणि मशीन बोलत राहिलं, आणि बाबा एकेका वाक्याला हो म्हणत राहिले. “हं” नाही, “हो”. चष्मा कुठे आहे कुणी विचारलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. दोन महिने मी जे गिळत होते ते सगळं तिनं त्यांच्या पदरात घातलं होतं. हेच हवं होतं मला.

आईची बोटं थांबली. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा टाइप केलं, या वेळी थोडंसंच.

“आणि तू,” तो गोड आवाज म्हणाला. “मी तुला फोन केला होता. बाबांना जरा समजाव म्हणाले. तू म्हणालीस, तुमचं तुम्ही बघा गं, मला रोजची भांडणं नकोत.”

केला होता. शाळेच्या परीक्षांचे दिवस होते, मी गडबडीत होते. तिचा आवाज फोनवर खरखरत होता आणि मला वाटलं होतं, लाइन खराब आहे. मी बाबांकडे बघितलं. आदल्या दिवशी मी त्यांना काय काय म्हटलं होतं, त्यातलं काहीही ते आता मला परत म्हणू शकले असते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. ते आईच्या हातांकडे बघत होते, ती आणखी काही लिहितेय का म्हणून.

“हो,” मी म्हटलं.

बाबांनी पायानं दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले.